घर कुणाच्या मापाचं?

आमच्या घरात सध्या एका प्रश्नाला बंदी आहे : ‘एकूण किती झाले?’ पाहुणे येतात, भिंतींवरून हात फिरवतात, ड्रॉवर उगाचच उघडून मिटतात आणि हा प्रश्न त्यांच्या ओठांवर आला, की आमचे हे चहाचं निमित्त काढून स्वयंपाकघरात जातात. उत्तर ठाऊक नाही असं नव्हे. पै न् पैचा हिशेब ठेवलेली त्यांची वही आहे. पण ती हल्ली आमच्या हाताला लागत नाही.

कोथरूडमधली आमची तीन मजली सोसायटी पाडून तिथे अकरा मजली इमारत झाली आणि तीन वर्षं भाड्याच्या घरात काढून आम्ही सातव्या मजल्यावर परतलो. आम्ही दोघं, मुलगा, सून आणि ८४ वर्षांच्या सासूबाई. ‘या वेळी इंटिरियर डिझायनरच घ्यायची,’ असं सुनेनं जाहीर केलं तेव्हा आमच्या ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आमच्या वेळी घराचा डिझायनर म्हणजे घरचा कर्ता पुरुष. तो हातात खडू घेऊन जमिनीवर रेघा मारायचा, सुतार मान डोलवायचा आणि मग दोन महिने गॅलरीत रंध्याची खरखर चालायची. जे तयार व्हायचं त्यात कधी गोदरेजचं कपाट मावायचं नाही, कधी दार पूर्ण उघडायचं नाही. पण ते आपलं असायचं.

खरं तर मापानं घर करून घेणं ही काही आजची हौस नव्हे. सासूबाईंचं माहेर सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात. तिथे आजच्या अर्थानं फर्निचर असं जवळजवळ नव्हतंच. कोनाडे होते, खुंट्या होत्या, भिंतीतच बसवलेलं फडताळ होतं, झोपाळा होता. (‘अलमारी’ हा शब्द पोर्तुगीजांनी आणला आणि ‘कपाट’ म्हणजे संस्कृतात नुसतं दार!) पण जे होतं ते माणसांना जोखून केलेलं. मुलांचे पाट लहान, आजोबांचा पाट मोठा. खुंटी कुठल्या उंचीवर ठोकायची हे पगडी कोण अडकवणार यावर ठरायचं. ‘कस्टमाइज्ड’ हा शब्द तेवढा त्यांना ठाऊक नव्हता.

तर डिझायनर आली. तिशीतली, चुणचुणीत मुलगी. भिंतीवर लाल ठिपका टाकून अंतर मोजणारं यंत्र तिच्या हातात. तिनं चहा घेता घेता जे प्रश्न विचारले ते आजही मला आठवतात, कारण त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाला आम्ही खोटं उत्तर दिलं.

‘काकू, मुक्कामी पाहुणे येतात?’ छे, हल्ली कोण येतं! (सहा गाद्या आणि नऊ चादरी तेव्हा तिच्या पाठीमागच्याच खोलीत रचलेल्या होत्या.) ‘लोणची, साठवणीचं?’ थोडंसंच. ‘जुनी वर्तमानपत्रं, पुस्तकं?’ तशी नाहीत फार. ‘जेवायला सगळे एकत्र बसता?’ हो, हो. (मुलगा ताट घेऊन टीव्हीसमोर बसतो हे आख्ख्या सोसायटीला ठाऊक आहे.) ‘आणि आजी? त्यांचा दिवस कसा असतो?’ त्यांना त्यांची वेगळी खोली दिली की झालं, असं मी म्हणाले. सासूबाई त्या वेळी आतल्या खोलीत जपमाळ घेऊन बसल्या होत्या. त्यांना बाहेर बोलवावं असं पाचापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. त्या मुलीच्याही नाही.

फोटो काढायच्या आधी आपण दोरीवरचा टॉवेल ओढून घेतो ना, तसंच हे. डिझायनरसमोर आपण आपलं घर मांडतच नाही. आपल्याला ज्या घरात राहावंसं वाटतं, त्या घरातल्या माणसांसारखं आपण बोलू लागतो. सुनेच्या मोबाइलमध्ये दोनशे चित्रं जमली होती. पांढरे सोफे, कोऱ्या भिंती, कुठेही रिमोट नाही, चार्जरची वायर नाही. मग त्या मुलीनं कॉम्प्युटरवर आमचं घर रंगवून आणलं तेव्हा त्यातही ओट्यावर होता एक काचेचा वाडगा आणि वाडग्यात हिरवी सफरचंदं. आमच्या घरात हिरवी सफरचंदं आजवर कुणी आणलेली नाहीत. पण आम्ही सगळे त्या चित्रावर भाळलो. मिसळणाचा डबा कुठे, हे विचारायचं मलाही सुचलं नाही.

डिझायनर लोक लुटतात, हे आपल्याकडचं आवडतं वाक्य. मला ते अर्धंच पटतं. ‘नुसती चित्रं काढायचे एवढे पैसे?’ म्हणून आपण तिच्या फीमध्ये घासाघीस करतो. मग ती तुटलेली फी प्लायवूडवाल्याकडच्या आणि हार्डवेअरवाल्याकडच्या कमिशनमधून भरून निघते. ते कमिशनही आपल्याच बिलात असतं, फक्त दिसत नाही. त्यापेक्षा फी उघडपणे, पुरती द्यावी आणि मालाची बिलं आपल्या नावावर घ्यावीत. आम्ही हे केलं, तेवढं एक शहाणपण आमच्या पदरात आहे. ती मुलगी ह्यांना घेऊन भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला गेली आणि ८ बाय ४च्या प्रत्येक शीटवरचा शिक्का तिनं त्यांना वाचायला लावला. खोल्यांतल्या कपाटांना आयएस ३०३चं प्लाय चालतं, पण ओट्याखाली, जिथे पाण्याशी रोजचा संबंध, तिथे आयएस ७१०. दोन शीट्सवर भलताच शिक्का निघाला. त्या तिनं जागच्या जागी परत करायला लावल्या. ह्यांचं तिच्याबद्दलचं मत त्या दिवशी बदललं.

ओट्याचा घोळ मात्र माझा. तिनं मला भाड्याच्या घरातल्या ओट्याशी उभं राहून एक पोळी लाटून दाखवायला सांगितलं होतं. मला हसूच आलं. ‘अगं, नेहमीसारखा कर गं,’ म्हटलं. नेहमीसारखा म्हणजे ३४ इंच. माझी उंची चार फूट अकरा इंच. काम करायची जागा कोपराच्या चार-सहा इंच खाली हवी, म्हणजे माझा ओटा ३२च्याही खालीच असायला हवा होता. आता दहा पोळ्या झाल्या, की माझे खांदे बोलू लागतात. ग्रॅनाइट बसून गेलाय. मी पाटावर उभी राहून लाटते. पाट असा परतला आमच्या घरात!

बंदिस्त, मापून आखलेल्या आधुनिक स्वयंपाकघराची सुरुवात ज्या ‘फ्रँकफर्ट किचन’पासून मानतात, ते १९२६ साली मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी आखलं. बाईची एक एक हालचाल घड्याळ लावून मोजायची आणि पावलं वाचवायची, ही त्यामागची कल्पना. जेमतेम सहा फूट रुंद आणि अकरा फूट लांब अशी ती खोली. फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींत अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं झाली. आणि या बाईंनी पुढे मोकळेपणानं सांगितलं, की तोवर त्यांनी स्वतः कधी स्वयंपाकच केला नव्हता. पुढे तक्रारी झाल्या त्याही, की खोलीत दुसरं माणूस मावत नाही, लेकरावर लक्ष ठेवता येत नाही. एवढ्या हुशार बाईंचं हे झालं, तर दोन भेटींत आमच्या मुलीला आमचं काय कळणार, तेही आम्ही थापा मारत असताना! चित्र काढण्याआधी डिझायनरनं घरात एकदा तरी सकाळी सातला यावं, न आवरलेल्या घरात, डबे भरले जात असताना, असं माझं आता ठाम मत झालंय. आणि तिला ‘ये’ म्हणायची हिंमत आपण करावी.

वास्तुशांत झाली. सासूबाई हॉलमध्ये येईनाशा झाल्या. ‘आईंना त्यांची खोली फार आवडलीय,’ असं आम्ही सर्वांना कौतुकानं सांगत होतो. त्या कधी आल्याच तर खांबाला हात टेकून उभ्या राहायच्या आणि ‘आडवी होते जरा’ म्हणून परत जायच्या.

दोन आठवड्यांनी ती मुलगी झालेल्या कामाचे फोटो काढायला आली. ‘आजी, तुम्ही बसा ना सोफ्यावर, घरचं माणूस हवं फोटोत.’ सासूबाई नको नको म्हणाल्या. तिनं हाताला धरून बसवलंच. फोटो झाला. सासूबाईंनी उठायचा प्रयत्न केला. पुन्हा केला. मग आमच्याकडे न बघता म्हणाल्या, ‘राहू दे, बसते इथेच थोडी.’

मुलीनं कॅमेरा खाली ठेवला. त्यांना दोन्ही हातांनी उठवलं आणि पिशवीतून साधी टेप काढली. आजींच्या गुडघ्यामागची खळगी जमिनीपासून सोळा इंच. सोफा साडेतेरा, आणि माणूस बसलं की गादी दबून अकरा. सुखानं उठायचं तर बैठक गुडघ्याच्या जरा वरच हवी, आणि रेटा द्यायला घट्ट हात हवा. आमच्या सोफ्याला हात नव्हतेच. चित्रात ते फार छान दिसलं होतं.

‘काकू, तुम्ही मला सांगितलं का नाहीत?’ तिनं विचारलं. आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाली, ‘मी तरी आजींना कुठे विचारलं!’

त्या आठवड्यात मिस्त्री आले. सोफ्याखाली सागवानी पाय लागले, एका बाजूची गादी काढून तिथे कडक फोम घातला आणि कडेला लाकडी हात बसवला. तो त्यांनी सासूबाईंना धरायला लावून, दोनदा तासून त्यांच्या मुठीत नीट येईल असा केला. ‘लुक गेला,’ असं सून एकदा म्हणाली. हल्ली ऑफिसातून आल्यावर तीही त्याच कोपऱ्यात बसायला बघते, पण जागा रिकामी नसते.

सासूबाई संध्याकाळी सातला तिथे येऊन बसतात. टीव्ही फार उंच लावलाय, मान दुखते, अशी त्यांची तक्रार आहे. येत्या रविवारी डिझायनरला बोलावलंय. फोन त्यांनी स्वतः केला.