पीएस४ काढायचा की अजून चालवायचा?

सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली भागात खानदेशातून येऊन स्थिरावलेल्या घरांत दिवाळीचा बोनस हाती पडला की पोरांची मागणी ठरलेली: गेम खेळायचा पीएस४ जुना झाला, आता पीएस५ घ्या. वडील म्हणतात, चालतं यंत्र काढायचं कशाला? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

आधी पैशाचं बघू. पीएस५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला, तेव्हा डिस्कवाल्या मॉडेलची किंमत ४९,९९० रुपये होती. २०२४ मध्ये आलेल्या स्लिम मॉडेलची ५४,९९०. टीव्ही, मोबाइल जुने झाले की स्वस्त होतात. इथे उलटंच घडलं. त्यामुळे ‘पुढच्या वर्षी स्वस्त मिळेल’ या आशेवर थांबण्यात अर्थ नाही.

थांबायचं खरं कारण वेगळं आहे. पीएस४ बाजारात आला २०१३ मध्ये, तरी ईए स्पोर्ट्स एफसी २६ हा फुटबॉलचा गेम त्यावरही निघाला. क्रिकेट २४ त्यावर चालतो. मित्रांबरोबर संध्याकाळी मॅच खेळणाऱ्या मुलाचं अजून काही अडलेलं नाही.

आणि यंत्र म्हणून पीएस४ लगेच मरतही नाही. पंख्यात धूळ बसते, आतली थर्मल पेस्ट सुकते, मग तो तापतो आणि विमानासारखा आवाज करू लागतो. लूमच्या कारखान्यांना लागून असलेल्या वस्तीत धाग्याचे बारीक तंतू हवेतच असतात. तिथे हे लवकर होतं. साफसफाई आणि नवी पेस्ट एवढ्यावर बहुतेक वेळा काम भागतं. हार्ड डिस्क गेली तरी ती अडीच इंची, साधी, घरीच बदलता येते. तिच्या जागी एसएसडी बसवली तर गेम उघडायला लागणारा वेळही कमी होतो. ही दुरुस्ती न करता नवा घेणं आम्हांला पटत नाही.

मात्र दुरुस्तीने सगळंच सुटत नाही. आधीच्या पीएस३ वरचा जीटीए ऑनलाइन हा गेम डिसेंबर २०२१ मध्ये बंद झाला. यंत्रं धडधाकट होती, सर्व्हर गेले. पीएस४ चीही उतरण सुरू आहे. जानेवारी २०२६ पासून पीएस प्लस या सशुल्क सदस्यत्वातून मिळणाऱ्या मासिक गेममध्ये पीएस४ ला पूर्वीचं स्थान नाही. जीटीए ६ तर त्यावर येणारच नाही.

साध्या लूमवरून रॅपियर किंवा वॉटरजेटवर जाताना सुरतेचा कारखानदार मशीनचं वय बघत नाही, हातातली ऑर्डर कोणत्या कापडाची आहे ते बघतो. मुलाला विचारायचं तेही हेच: नेमका कोणता गेम खेळायचाय? उत्तर ‘जीटीए ६’ असेल तर पीएस५ घेणं रास्त आहे, पण तो गेम प्रत्यक्ष दुकानात आल्यावर. ‘सगळ्यांकडे आहे’ हे उत्तर असेल तर वडिलांनी ठाम राहावं, आणि जुन्याची साफसफाई मात्र त्याच आठवड्यात करून द्यावी.

घ्यायचाच ठरला तर डिस्कवाला घ्यावा. पीएस४ च्या बहुतेक सगळ्या डिस्क त्यात चालतात, म्हणजे कपाटातले जुने गेम वाया जात नाहीत. डिजिटल मॉडेल स्वस्त दिसतं, पण त्यात डिस्क घालायला जागाच नसते. स्लिमला ड्राइव्ह नंतर जोडता येतो, त्याचे पैसे वेगळे.