एका वाटीचा चॉकलेट केक

मुलांनो, केक म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? बेकरीच्या काचेमागचा, गुलाबी फुलांचा, अर्ध्या किलोचा केक! आज आपण करणार आहोत तो केक मात्र आमटीच्या एका वाटीत मावतो. त्याला ओव्हन नको, अंडं नको, बीटर नको. एकट्याने खाल्ला तर पोटभर, दोघांनी खाल्ला तर चवीपुरता.

लहान आहे म्हणून सोपा आहे, असं मात्र समजू नका हं! मोठ्या केकमध्ये चिमूटभर सोडा जास्त पडला, तर तो खपून जातो. वाटीभर केकमध्ये तीच चिमूट सगळी चव बिघडवते. पदार्थ जितका छोटा, तितकं माप काटेकोर. म्हणून आज आधी गणित, मग केक.

आपल्याला दोन चमचे लागतील. चहाचा चमचा म्हणजे ५ मिलिलिटर आणि मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर. चमच्याची खात्री नसेल, तर औषधाच्या बाटलीवरचं टोपण स्वच्छ धुऊन घ्या. त्यावर ५ आणि १० च्या खुणा असतात.

साहित्य : मैदा ४ मोठे चमचे, पिठीसाखर ३ मोठे चमचे (जास्त गोड आवडत असेल तर ४), कोको पावडर १ मोठा चमचा, खायचा सोडा चहाच्या चमच्याचा आठवा भाग, मिठाची एक कणी, तेल १ मोठा चमचा, दूध ३ मोठे चमचे, लिंबाचा रस १ चहाचा चमचा. सगळे चमचे सपाट, शीग लावून नाही!

आता आठवा भाग कसा मोजायचा? अगदी सोपं आहे. चहाचा एक सपाट चमचा सोडा कोऱ्या कागदावर ओता. सुरीच्या पाठीने त्याचे दोन सारखे ढीग करा. एका ढिगाचे पुन्हा दोन करा. त्यातल्या एकाचे पुन्हा दोन. अर्धा, पाव आणि हा झाला आठवा भाग. अपूर्णांक म्हणजे काय, ते तुमच्यासमोर कागदावर मांडलेलं आहे! उरलेला सोडा डबीत परत भरा.

कृती : जाड बुडाच्या लोखंडी कढईत वाटीभर मीठ पसरा. त्यावर कुकरमधली जाळी किंवा एखादी स्टीलची रिंग ठेवा. घट्ट झाकण लावून कढई मध्यम आचेवर १० मिनिटं तापू द्या. कढई नॉनस्टिक नको.

तोवर स्टीलच्या वाटीला आतून तेलाचा हात लावा आणि चिमूटभर मैदा भुरभुरवा. मैदा, साखर, कोको, सोडा आणि मीठ एकत्र चाळून घ्या. दुसऱ्या भांड्यात दूध, तेल आणि लिंबाचा रस एकत्र करा. दूध जरा नासल्यासारखं दिसेल, पण घाबरू नका. ते कोरड्या मिश्रणात ओता आणि गुठळ्या मोडेपर्यंतच ढवळा. पीठ इडलीच्या पिठाइतकं दाट हवं. लगेच वाटीत ओता. वाटी निम्मीच भरली पाहिजे, कारण उरलेली निम्मी जागा केकला फुगायला लागते.

वाटी सांडशीने कढईत ठेवायची, ती मोठ्या माणसांनी. झाकण लावून आच थोडी मंद करा. २० मिनिटांनी मधोमध स्वच्छ सुई खुपसून पाहा. ती कोरडी निघाली तर केक झाला. पीठ चिकटलं तर आणखी ५ मिनिटं ठेवा. वाटी पूर्ण निवल्यावरच कडेने सुरी फिरवून केक काढा. कढईतलं मीठ बरणीत भरून ठेवा. पुढच्या केकला चालेल, आमटीत मात्र नको.

असं का बरं? : सोडा आणि लिंबाचा आंबटपणा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. त्याचे बुडबुडे पिठात अडकतात, आचेने फुगतात आणि पीठ वर उचलतात. म्हणून पीठ कालवून ठेवून खेळायला जायचं नाही. वायू निघून गेला की केक बसलाच! आणि पहिली १५ मिनिटं झाकणही उघडायचं नाही. बुडबुड्यांभोवतीच्या भिंती तेव्हा ओल्याच असतात. गार हवा लागली की त्या खचतात.

सोडा जास्त पडला, तर त्याला पुरेसा आंबटपणा मिळत नाही. उरलेल्या सोड्याचं तापून सोडियम कार्बोनेट होतं. ओळखलंत का? तोच तो धुण्याचा सोडा! केकला साबणासारखी चव येते ती यामुळे.

आणि फार ढवळायचं का नाही? पोळीची कणीक आपण तिंबतो, कारण ती ताणली गेली पाहिजे. तोच चिवटपणा मैद्यातही असतो. पोळीला तो हवा, केकला नको.

कोको घेताना पाकीट नीट वाचा. दुधात घालून प्यायच्या चॉकलेट पावडरीत बरीच साखर असते. आपल्याला हवा तो बिनसाखरेचा, कडू कोको. काकाव नावाच्या झाडाच्या बिया आंबवून, भाजून, त्यातलं बरंचसं लोणी दाबून काढलं की मागे राहतो तो कोको. या झाडाची फळं चक्क खोडालाच लगडतात! आपल्या देशात केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूमध्ये नारळी-पोफळीच्या बागांतून काकाव लावतात.

आता थोडं वाढदिवसाबद्दल. माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा वाढदिवसाला शाळेतच आला नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर हळूच म्हणाला, "बाई, वाटायला काही नव्हतं." बाकीच्या मुलांनी महागडी चॉकलेटं वाटली होती ना! मग वर्गात आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं, की वाढदिवसाला विकतचं काही आणायचं नाही. आणायचंच असेल, तर स्वतःच्या हातचं आणि एका वाटीत मावेल एवढंच. कुणी भिजवलेले शेंगदाणे आणले, कुणी लाह्यांचा चिवडा, एकीने असा केक. गटातल्या सहा जणांना बोटभर तुकडा मिळाला. पण तो कसा फुगला, हे ऐकायला सगळा वर्ग कान टवकारून बसला होता.

पालकांनो, मूल केक करत असताना गॅसपाशी जरूर उभे राहा. मोजमाप मात्र त्याचं त्याला करू द्या. सोड्याचे ढीग थोडे वाकडे झाले तरी चालतील. हा रोज खायचा पदार्थ नव्हे. पण हातात सुरी धरून ज्याने एकदा आठवा भाग केला, त्याला एक अष्टमांश घोकावा लागत नाही.

आणि मुलांनो, आजचा गृहपाठ! दोन पेल्यांत थोडं थोडं पाणी घ्या. एकात लिंबू पिळा, दुसऱ्यात काही नको. दोन्हींत चिमूट चिमूट सोडा टाका. काय दिसलं, कुठल्या पेल्यात, किती वेळ, ते वहीत लिहा आणि मला कळवा. केक फसला तरी कळवा बरं का! कुठलं माप चुकलं, ते आपण मिळून शोधू.