सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदी: कायदा आहे, मग धूर का जात नाही?

सार्वजनिक ठिकाणी बिडी-सिगारेट ओढण्यावर बंदी घालावी का, ही चर्चा आपल्या भागात पुन्हा सुरू झाली ती शेजारच्या राज्यामुळे. मे २०२५ मध्ये कर्नाटकात तंबाखू नियंत्रणाचा सुधारित कायदा लागू झाला. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान केल्यास होणारा दंड २०० रुपयांवरून १,००० रुपयांपर्यंत वाढला आणि २१ वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकणे बेकायदा ठरले. उदगीरच्या पुढे बिदर जिल्ह्यात शिरले की हे नियम लागू होतात. त्यामुळे चाकूरमध्येही रुग्णांचे नातेवाईक विचारतात, "डॉक्टरसाहेब, आपल्याकडं कधी होणार बंदी?"

आपल्याकडे बंदी आहेच, आणि ती बरीच जुनी आहे. ती पाळली का जात नाही, आणि पाळली तर आपल्या घरातल्या दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णाला काय फायदा होईल, हे समजून घेऊ.

बंदी कधीपासून आणि कुठे?

मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी दवाखाने, शाळा, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कार्यालये, प्रेक्षागृहे आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहनांत धूम्रपानाला मनाई केली. जो स्वतः ओढत नाही त्याच्यावर दुसऱ्याच्या धुराचा आजार लादणे, हे त्याच्या जगण्याच्या हक्काच्या विरुद्ध आहे, हा त्या आदेशाचा पाया होता. पुढे २००३ मध्ये केंद्राचा तंबाखू नियंत्रण कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून धूम्रपानबंदीचे सविस्तर नियम देशभर लागू झाले.

याचा अर्थ चाकूरचे एसटी स्टँड, ग्रामीण रुग्णालय, तहसील कार्यालय, शाळा-कॉलेज, बँक, चहा-नाश्त्याचे हॉटेल आणि लातूर रोड रेल्वे स्टेशन या सगळ्या ठिकाणी धूम्रपान हा गुन्हा आहे. "स्टँड तर मोकळंच आहे, इथं चालतं," असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते बरोबर नाही. नियमांत बसस्थानक आणि रेल्वे स्टेशनचा स्पष्ट उल्लेख आहे. मोकळा रस्ता मात्र या बंदीत येत नाही, म्हणून रस्त्याकडेच्या टपरीपुढचा धूर कायद्यातून सुटतो.

दुसऱ्याचा धूर आपल्या शरीरात काय करतो?

तंबाखूच्या धुरात ७,००० हून अधिक रसायने असतात आणि त्यांतली सुमारे ७० कर्करोगाला कारणीभूत ठरू शकतात. ओढणाऱ्याने बाहेर सोडलेला धूर आणि बिडीच्या जळत्या टोकाचा धूर, दोन्ही शेजारच्याच्या छातीत जातात. जगात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसे स्वतः न ओढता केवळ अशा धुरामुळे दगावतात.

- हृदय: थोडा वेळ धुरात बसले तरी रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर बिघडते आणि रक्तात गुठळी होण्याची शक्यता वाढते. रोज धुरात राहणाऱ्याला हृदयविकाराचा धोका सुमारे २५ ते ३० टक्के जास्त असतो.
- फुप्फुसे: दमा आणि सीओपीडी (श्वासनलिकांचा जुना आजार) असलेल्यांना झटका येऊ शकतो. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो.
- मुले आणि गरोदर स्त्रिया: मुलांना न्यूमोनिया, कान फुटणे आणि दम लागणे हे त्रास जास्त होतात. गरोदर बाईला धूर मिळाला तर बाळाचे वजन कमी भरू शकते.

खिडकी उघडल्याने किंवा पंखा लावल्याने हा धोका जात नाही. धूर पातळ होतो, पण रसायने खोलीत राहतात.

बंदीने खरंच फरक पडतो का?

हो. स्कॉटलंडमध्ये मार्च २००६ पासून बंद सार्वजनिक जागांत धूम्रपानबंदी आली. तिथल्या नऊ रुग्णालयांत बंदीआधीचे आणि नंतरचे दहा-दहा महिने तपासले, तेव्हा हृदयविकाराच्या झटक्याने दाखल होणाऱ्यांत १७ टक्के घट दिसली. विशेष म्हणजे या घटीतला सुमारे दोन तृतीयांश वाटा धूम्रपान न करणाऱ्यांचा होता. सगळ्या देशांत घट एवढी मोठी दिसली नाही, पण बहुतेक ठिकाणी दिशा तीच होती.

दंड वाढवला की काम झाले?

महाराष्ट्रातही दंड वाढवावा, अशी मागणी होते. माझा त्याला विरोध नाही. पण २०० रुपयांचा दंडही जिथे कुणी मागत नाही, तिथे १,००० रुपयांचा कोण मागणार?

खरी चावी नियमांतच आहे. जागेचा मालक, व्यवस्थापक किंवा प्रमुख अधिकारी यांच्यावर थेट जबाबदारी टाकली आहे. प्रवेशद्वारावर ६० बाय ३० सेंटीमीटरचा फलक लावायचा, त्यावर तक्रार कुणाकडे करायची त्याचे नाव लिहायचे, आणि आत ॲश-ट्रे, काडीपेटी, लायटर ठेवायचे नाही. तक्रार होऊनही त्याने काही केले नाही, तर त्या जागेत जितके गुन्हे झाले तितका दंड त्यालाच भरावा लागतो. शाळेत मुख्याध्यापक, रेल्वेत स्टेशन मास्तर यांना दंड करण्याचा अधिकार आहे. प्रत्येक बिडीमागे पोलीस उभा करण्याची गरजच नाही. हॉटेलमालकाने गल्ल्यावरून "बाहेर जाऊन ओढा" एवढे म्हटले, तरी निम्मे काम होते.

आणि हे जमण्यासारखे आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ फक्त ३.८ टक्के होते. म्हणजे शंभरातले ९६ लोक ओढत नाहीत. ते भिडेपोटी गप्प बसतात, म्हणून चौघांचा धूर सगळ्यांना मिळतो.

"हा आमच्या स्वातंत्र्यावर घाला नाही का?"

कायदा कुणाला बिडी सोडायला लावत नाही, फक्त दुसऱ्याच्या शेजारी ओढू देत नाही. हॉटेलात बारा-बारा तास काम करणारा पोऱ्या तिथून उठून जाऊ शकत नाही. स्टँडवर लेकरू घेऊन बसलेली बाई एसटी सोडून जाऊ शकत नाही. निवड फक्त ओढणाऱ्याच्या हातात असते.

बंदी जिथे पोचत नाही

कायद्याच्या दोन मर्यादा लक्षात ठेवा. पहिली, घर. दमा असलेल्या बायकांना "धूम्रपान करता का?" असे विचारले, की उत्तर येते, "मी नाही ओढत, मालक ओढतेत. घरातच." तिथे कुठलाही अधिकारी दंड करायला येणार नाही. त्यात चुलीचा धूर मिळाला की त्रास आणखी वाढतो.

दुसरी, खायची तंबाखू. त्याच पाहणीत महाराष्ट्रात २४.४ टक्के प्रौढ तंबाखू, खर्रा, मिश्री असे काही ना काही वापरत होते. "बिडी सोडली, आता नुसती तंबाखू मळतो," याला सोडणे म्हणत नाहीत. तोंडाचा कर्करोग त्यानेही होतो.

तुम्ही काय करू शकता?

- हॉटेलात किंवा कार्यालयात कुणी ओढत असेल, तर त्याच्याशी वाद घालू नका. मालकाला किंवा प्रमुखाला सांगा. जबाबदारी त्यांची आहे.
- घर आणि गाडी पूर्ण धूरमुक्त ठेवा. "फक्त ओसरीवर" किंवा "फक्त रात्री" अशी सूट ठेवू नका.
- घरात दमा, सीओपीडी, हृदयविकार, गरोदर बाई किंवा लहान मूल असेल, तर डॉक्टरांना घरातल्या धुराबद्दल स्वतःहून सांगा. औषध चालू असूनही दम न थांबण्याचे ते कारण असू शकते.
- ओढणाऱ्याला टोमणे मारू नका. निकोटिनचे व्यसन हा आजार आहे आणि त्यावर समुपदेशन, निकोटिनची च्युइंगगम आणि गोळ्या असे उपचार आहेत. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. सोडल्यानंतर साधारण वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो.
- तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय मोफत मदतवाहिनी आहे: १८००-११-२३५६. पहिला फोन घरच्यांनी शेजारी बसून लावून दिला, तर पुष्कळांना सोपे जाते.