मदतीला आले आणि भिंत पोखरली

गेल्या वर्षी मूतखड्याच्या संशयावरून पोटाची सोनोग्राफी केली. खडा नव्हताच, पण डॉक्टर पडद्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिले. पोटातली महाधमनी साधारण २ सेंटिमीटर रुंद असते, माझी ३.६ सेंटिमीटर फुगली होती. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. ‘सिगारेट ओढायचात?’ त्यांनी विचारलं. बँकेतल्या क्लोजिंगच्या साऱ्या रात्री मला आठवल्या.

मग मी वाचायला घेतलं. महाधमनीची भिंत दोन तंतूंच्या जोरावर उभी असते. इलॅस्टिनमुळे ती ताणली तरी पूर्ववत होते, कोलॅजनमुळे फाटत नाही. वय, रक्तदाब आणि मुख्य म्हणजे तंबाखूचा धूर यांनी ती दुखावते. डागडुजीला रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावतात. जंतू गिळणाऱ्या ज्या पेशींच्या अभ्यासासाठी मेचनिकॉफ यांना १९०८ साली नोबेल मिळालं, त्याही त्यांत असतात. मोडतोड साफ करायला त्या एन्झाइम सोडतात. पण त्यांत धडके तंतूही विरघळतात. तुटलेल्या तंतूंचे तुकडे आणखी पेशींना बोलावतात. आगीतून वाचलेलं घर बंबाच्या पाण्यानं खचावं, तसं हे.

त्या पेशींना फितूर म्हणायला माझं मन धजत नाही. त्या कर्तव्यालाच आल्या होत्या. चाळीस वर्षं रोज वर्दी देत होतो तो मी.

ही एन्झाइम रोखणारं डॉक्सिसायक्लिन देऊन पाहिलं गेलं. अमेरिकेतल्या चाचणीचा निष्कर्ष २०२० साली आला : लहान फुगवट्यांची वाढ त्यानं मंदावली नाही. म्हणजे सध्या हाती उरतं ते धूर बंद करणं, रक्तदाब आटोक्यात ठेवणं आणि वेळीच पाहणं. पुरुषांमध्ये फुगवटा साडेपाच सेंटिमीटरला पोचला की सहसा शस्त्रक्रियेचा विचार होतो. तो नकळत फुटला तर बहुतेकदा प्राणावर बेततं. आइन्स्टाइन १९५५ साली त्यानंच गेले.

इंग्लंडमध्ये पुरुषांना पासष्टाव्या वर्षी या तपासणीचं बोलावणं येतं. आपल्याकडे ते घरच्यांनीच धाडावं. बँकेत ऑडिटर आला म्हणून कुणी अपमान मानत नसे. खातं चोख असलं तरी तपासणी व्हायचीच. कधीकाळी विडी-सिगारेट ओढलेल्या पासष्टीच्या गृहस्थानं एकदा पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. माझी आता ठरावीक काळानं होते. सिगारेट सुटली आहे. वर्दी तरी थांबली.