पायवाटेचा हक्क आणि मुसीचा काठ

मुलाकडे तीन महिने इंग्लंडात राहून परतलेल्या आमच्या मंडळींच्या बोलण्यात एक विषय हमखास येतो. थेम्सकाठच्या कुकहॅमसारख्या एखाद्या गावातून सकाळी निघावे, नदीच्या कडेने कुरणे आणि जुनी चर्चे पाहत चालावे, दुसऱ्या एखाद्या खेड्यावरून वळसा घालून दुपारी पुन्हा निघालो तेथेच यावे. तिकीट नाही, रखवालदार नाही. या वर्णनानंतर ठरलेले वाक्य येते : ‘आपल्याकडे हे व्हायचे नाही, त्यांची शिस्तच वेगळी.’ या वाक्याला आमचा सक्त विरोध आहे.

ती वाट टिकली ती दप्तरामुळे. 1932 साली मँचेस्टरजवळच्या किंडर स्काउट या डोंगरावर कामगार तरुण जमीनमालकांची मनाई मोडून चढले आणि त्यांतील पाच जण तुरुंगात गेले. पुढे 1949 च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधील स्थानिक कारभाऱ्यांवर आपल्या हद्दीतील सार्वजनिक पायवाटा नकाशावर नोंदवण्याची जबाबदारी आली. एखाद्या वाटेने लोक वीस वर्षे बिनदिक्कत जात राहिले, तर ती वाट लोकांना दिलेली आहे असे तेथील कायदा गृहीत धरतो. शेत विकले गेले, मालक बदलला, तरी नोंदलेली वाट पुसली जात नाही. नकाशावरची एक तुटक रेघ काय करू शकते, हे ज्यांनी हयात सरकारी कचेरीत घालवली त्या आम्हांला कोणी शिकवायला नको.

ही रेघ आपल्याला परकी आहे काय? गावनकाशावर गाडीवाट दाखवण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. महाराष्ट्रात 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदार अडवलेली शेतवाट आजही मोकळी करून देतो. बैलगाडीसाठी जो हक्क आपण मानतो, तो आपल्या शहरातील पायी चालणाऱ्यासाठी का मानू नये?

आणि या शहरात चालण्याजोगे वर्तुळ नाही, असे कोणी म्हणू नये. इसामिया बाजारातील मराठी ग्रंथसंग्रहालयापासून निघावे. कर्कपॅट्रिकची रेसिडेन्सी पाहून चादरघाटच्या पुलावरून मुसी ओलांडावी. दक्षिण काठाने सालारजंग संग्रहालय, नयापूल, उच्च न्यायालय, सिटी कॉलेज असे करीत 1578 च्या पुरानापुलावर यावे. तेथून उत्तर काठाने परत फिरावे : बेगमबाजार, उस्मानिया रुग्णालय, अफजलगंजचे राज्य ग्रंथालय, गौलीगुडा, आणि शेवटी जांबागेतील 1907 ची विवेक वर्धिनी. सात-आठ किलोमीटरांचा हा फेरा. यातील निम्मी वाट आपल्या आजोबा-पणजोबांच्या पायांखालची आहे. रेसिडेन्सी बाजार 1933 पर्यंत निजामाच्या अंमलाबाहेर होता, म्हणून तर कितीतरी सभा-संमेलने त्या बाजूला भरत. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील चिंचेने 28 सप्टेंबर 1908 च्या महापुरात सुमारे दीडशे जीव फांद्यांवर तारले. थेम्सकाठच्या ओकवृक्षाचे छायाचित्र दिवाणखान्यात लावणाऱ्या किती जणांनी ही चिंच पाहिली आहे?

त्या पुरानंतर विश्वेश्वरय्यांना पाचारण झाले. उस्मानसागर आणि हिमायतसागर हे दोन जलाशय झाले, 1912 च्या नगरसुधार मंडळाने काठ बांधून काढले आणि बागा केल्या. काठ लोकांचा, हा विचार त्या संस्थानी काळातही होता. नंतर कुंपणे आली, वाहनतळ आले, नदीच्या कुशीत बसस्थानक आले. सप्टेंबर 2025 मध्ये इमलीबनच्या त्या बसस्थानकात मुसीचे पाणी शिरले, तेव्हा नदीला आपली हद्द बरोबर आठवते, एवढे तरी दिसले.

आता काठसुधारणेची मोठी योजना चालली आहे. 2017 साली तिच्यासाठी महामंडळ निघाले. 2024 च्या उत्तरार्धात चादरघाटजवळच्या वस्त्यांतील घरे पाडली गेली आणि तेथील कुटुंबांना सरकारी घरांकडे धाडण्यात आले. ज्यांच्या चुली उठल्या त्यांच्या जागी काय येणार? साबरमतीचा काठ चालण्यास खुला आहे, हे खरे. पण तिच्यावरील अटल पुलावर जाण्यास तिकीट लागते. मुसीकाठी तिकीटघर आधी आणि पायवाट उरल्यास मागाहून, असे झाले तर आमच्यासारखे पेन्शनर कुरकुरतील आणि गप्प बसतील. पण उठवलेल्या घरातील मुलाने त्या काठावर परत यायचे कोणत्या नात्याने? गिऱ्हाईक म्हणून?

दुर्गंधीचा आक्षेप आम्हांला ठाऊक आहे. नाक आम्हांलाही आहे. पण 1858 च्या उन्हाळ्यात थेम्सच्या घाणीने लंडनच्या पार्लमेंटात बसणे अवघड झाले होते, आणि 2024 च्या ऑक्सफर्ड-केंब्रिज नौकाशर्यतीतही वल्हेकऱ्यांना त्या पाण्यापासून जपा असे बजवावे लागले. नदी स्वच्छ झाल्यावर चालू, असे तेथे कोणी म्हटले नाही. चालणारेच नसतील तर नदीत काय सोडले जाते ते पाहणार कोण?

म्हणून आमची मागणी साधी आहे. चादरघाट ते पुरानापूल, दोन्ही काठांवर, सलग सार्वजनिक पायवाट मोजणीच्या नकाशावर नोंदवावी आणि ती निविदा निघण्यापूर्वी नोंदवावी. तिला फाटक नसावे, वेळ नसावी, शुल्क नसावे. उठवलेल्या कुटुंबांची नावे आणि त्यांची जुनी ठिकाणे त्याच दप्तरात राहावीत. आणि आपल्या सभासदांनी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हा फेरा करावा. मंडळाच्या कार्यालयात त्यासाठी एक वही ठेवावी. तीत तारीख, चालणाऱ्यांच्या सह्या, वाट कोठे अडली आणि कोणी अडवली, एवढे लिहावे.