अठराव्या वर्षी कुणाचे पाय दिसतात?

जून २०१८. अमेरिकेतल्या डॅलस शहरात नॅशनल हॉकी लीगचा, म्हणजे बर्फावरच्या हॉकीतल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगचा, वार्षिक ड्राफ्ट सुरू होता. पहिल्या तीन-चार नावांत पुकारला जाणार अशी ज्याची हवा होती, तो चेक आघाडीपटू फिलिप झाडिना खुर्चीत बसूनच राहिला. माँट्रियल, ओटावा आणि अ‍ॅरिझोना या तीन संघांनी त्याला ओलांडून दुसरी मुलं घेतली. सहाव्या क्रमांकावर डेट्रॉइट रेड विंग्जने त्याचं नाव पुकारलं, तेव्हा डेट्रॉइटला घबाड मिळालं असाच जाणकारांचा सूर होता. झाडिनानेही हातचं राखलं नाही. ज्यांनी आपल्याला सोडलं त्यांची गोलजाळी पकने, म्हणजे या खेळातल्या चकतीने, भरून टाकीन, असं त्याने सांगून टाकलं.

वर्षभराने व्हँकुव्हरमध्ये डेट्रॉइटकडे पुन्हा सहावाच क्रमांक आला. नव्यानेच जनरल मॅनेजर झालेल्या स्टीव्ह आयझरमन यांनी मॉरिट्झ झायडर या जर्मन बचावपटूचं नाव घेतलं आणि सभागृहात कुजबुज सुरू झाली. कॅमेरा झायडरकडे वळला, तर त्याचाच आ वासलेला! इतक्या लवकर आपला नंबर लागेल असं त्याच्याही मनात नव्हतं.

पुढे काय झालं? झाडिनाने डेट्रॉइटकडून १९० सामन्यांत २८ गोल केले आणि २०२३मध्ये करारातल्या उरलेल्या ४५ लाखांहून अधिक डॉलरवर पाणी सोडून तो बाहेर पडला. सॅन होजेकडे एक हंगाम काढून त्याने स्वित्झर्लंडची वाट धरली. झायडर मात्र २०२२मध्ये लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला, त्याला कॅल्डर ट्रॉफी मिळाली, आणि आज डेट्रॉइटचा बचाव त्याच्या खांद्यावर उभा आहे. झाडिनाच्या लगेच नंतर, सातव्या क्रमांकावर, व्हँकुव्हरने क्विन ह्यूजला घेतलं. तो डेट्रॉइटपासून तासाभराच्या अंतरावर, मिशिगन विद्यापीठात खेळत होता. २०२४मध्ये सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी त्याने पटकावली.

मग डेट्रॉइट २०१८मध्ये मूर्ख आणि २०१९मध्ये शहाणं होतं का? उत्तर अमेरिकेतली क्रीडा पत्रकारिता दर जूनमध्ये हेच करते. ड्राफ्ट आटोपला की दुसऱ्या दिवशी प्रत्येक संघाचं प्रगतिपुस्तक तयार: याला ‘ए’, त्याला ‘सी’. उन्हाळाभर होतकरू खेळाडूंच्या क्रमवाऱ्या लावल्या जातात, कुणाची रोपवाटिका किती समृद्ध यावर वाद रंगतात. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात, असं आपल्याकडे म्हणतात. तिकडे अठराव्या वर्षी दिसतात असं धरून चाललेलं असतं. ते तेव्हा फारसे दिसत नाहीत, हे डेट्रॉइटच्याच इतिहासात पुन्हा पुन्हा सिद्ध झालं आहे. होतकरूंचं मूल्यमापन करायचं तर त्या मुलांआधी त्यांना घेणाऱ्या संघाचं करायला हवं, आणि तेही चार-पाच वर्षांनी.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्यांसाठी थोडा खुलासा. इथे बोली नसते. ३२ संघ, सात फेऱ्या, २२४ नावं. तळातल्या संघांना आधी संधी मिळते. मात्र पहिला क्रमांक मिळावा म्हणून कुणी मुद्दाम हरू नये, यासाठी १९९५पासून वरचे क्रमांक सोडतीने ठरतात. निवडलेल्या मुलाच्या पहिल्या कराराच्या मूळ पगारावर मर्यादा असते. २००५पासून संपूर्ण संघाच्या पगारालाही कमाल मर्यादा आली. त्यामुळे स्वस्तात मिळालेला विशीतला चांगला खेळाडू हे संघाचं सर्वांत मोठं भांडवल ठरतं, आणि म्हणूनच हा शोध इतका चुरशीचा झाला आहे.

स्काऊट, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणारे, पाहतात काय? आधी स्केटिंग: सुरुवातीची तीन-चार पावलं किती झपाट्याची, वळताना तोल कसा. मग खेळाची जाण, म्हणजे पक येण्याआधी मुलाने मान वळवून मैदान वाचलं की नाही. मग हातातली सफाई, फटका, अंगावर आलेल्या खेळाडूला भिडण्याची तयारी. यातलं निम्मं आकड्यांत मावत नाही आणि जे मावतं ते सहज फसवतं. झाडिनाने ड्राफ्टच्या वर्षी क्युबेकच्या ज्युनिअर लीगमध्ये ५७ सामन्यांत ४४ गोल ठोकले होते. झायडरच्या नावावर जर्मनीच्या मुख्य लीगमध्ये २९ सामन्यांत गोल आणि असिस्ट मिळून अवघे ६ गुण होते. पण झाडिना विशीच्या आतल्या मुलांशी खेळत होता. झायडर मानहाइमच्या संघात तिशीतल्या, कसलेल्या पुरुषांसमोर उभा होता, आणि तो संघ त्या वर्षी विजेता ठरला. वेगवेगळ्या लीगमधले गुण एका मापात आणणारी गणितं विश्लेषकांनी मांडली आहेत आणि ती उपयोगीही आहेत. मात्र बचावपटूने गोल होऊ दिला नाही, ही गोष्ट गुणांच्या रकान्यात कुठेच उमटत नाही.

वयाचा घोळ आणखी वेगळा. ड्राफ्टसाठी १५ सप्टेंबरपर्यंत अठरा वर्षं पूर्ण लागतात. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७चा. दोन दिवसांनी त्याचं २०१५चं वर्ष हुकलं आणि २०१६मध्ये तो पहिल्या क्रमांकावर गेला. २०२५चा पहिला क्रमांक मॅथ्यू शेफर याचा जन्म ५ सप्टेंबर २००७चा, म्हणजे तो जेमतेम मुदतीत बसला. त्याच यादीतली काही मुलं त्याच्याहून जवळजवळ वर्षाने मोठी होती. सतराव्या-अठराव्या वर्षी अकरा महिन्यांत खांदे रुंदावतात, पायांत बळ येतं. वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेल्या मुलांना ड्राफ्टमध्ये त्यांच्या लायकीपेक्षा मागचे क्रमांक मिळतात, असं २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आलं. आधी जन्मलेल्या मुलाचं मोठेपण त्याच्या गुणवत्तेत जमा होतं, ते असं.

शरीराची मोजमापं तरी भरवशाची असावीत? २०१४मध्ये टोरांटोत झालेल्या शारीरिक चाचण्यांत सॅम बेनेटला एकही पुल-अप काढता आला नाही. उत्तर अमेरिकेतल्या खेळाडूंच्या अधिकृत यादीत तो पहिला होता, त्यामुळे त्याची भरपूर थट्टा झाली. २०२५मध्ये फ्लोरिडाने स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला तेव्हा प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू हाच बेनेट होता. पण ज्या कॅल्गरीने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं होतं, तिथे तो कधी पुरता बहरला नाही. २०२१मध्ये फ्लोरिडाला गेल्यावर त्याचा खेळ पालटला. खेळाडू तोच, संघ वेगळा.

डेट्रॉइटची दंतकथा मात्र नंतरच्या फेऱ्यांतून घडली. १९८९च्या एकाच ड्राफ्टमध्ये त्यांनी ५३व्या क्रमांकावर निकलास लिडस्ट्रॉम आणि ७४व्या क्रमांकावर सर्गेई फेदोरोव्ह घेतला. लिडस्ट्रॉमने पुढे सात नॉरिस ट्रॉफ्या मिळवल्या. १९९८मध्ये १७१व्या क्रमांकावर पावेल दात्सुक आला, १९९९मध्ये २१०व्यावर हेन्रिक झेटरबर्ग. या दोघांना हेरणारे स्वीडिश स्काऊट हाकन अँडरसन दोन्ही वेळा खरं तर दुसऱ्याच खेळाडूला पाहायला गेले होते. दात्सुक शरीराने लहानसर होता आणि त्याआधीच्या ड्राफ्टमध्ये त्याला कुणीही विचारलं नव्हतं. २००८चा स्टॅन्ली कप डेट्रॉइटने याच जोडीच्या जोरावर जिंकला.

ही कथा दिव्यदृष्टीची म्हणून सांगितली जाते. पण साधा प्रश्न विचारून पाहावा: दात्सुक असा निघेल हे डेट्रॉइटला ठाऊक असतं, तर १७० नावं होईपर्यंत ते थांबले असते का? त्या वर्षी त्यांनीही आधी दुसरी मुलं घेतली होती. अँडरसन यांची नजर पारखी होती, यात शंका नाही. मात्र त्या नजरेने दाखवली ती शक्यता. तिचा खेळाडू झाला पुढच्या काही वर्षांत. दात्सुक डेट्रॉइटला पोहोचला तेव्हा तेवीस वर्षांचा होता, झेटरबर्ग बावीसचा झाला होता. दोघेही आपापल्या देशात मोठ्यांमध्ये खेळून तयार झाले होते.

त्या काळातले जनरल मॅनेजर केन हॉलंड या धोरणाविषयी बोलताना फळ जास्तच पिकू देण्याची भाषा वापरत. आंबा कैरी असतानाच उतरवून आढीत घालण्यापेक्षा झाडावरच पाडाला लागू द्यावा, असं कोकणातला बागायतदार म्हणेल. गुस्ताव नीक्विस्ट २००८मध्ये १२१व्या क्रमांकावर घेतलेला. विद्यापीठात तीन वर्षं, मग ग्रँड रॅपिड्स ग्रिफिन्स या दुय्यम संघात मुक्काम. २०१३ची कॅल्डर कप स्पर्धा त्या संघाने जिंकली आणि पुढच्या हंगामात नीक्विस्टने डेट्रॉइटकडून ५७ सामन्यांत २८ गोल केले. झायडरचंही तसंच: निवडीनंतर एक वर्ष ग्रँड रॅपिड्स, एक वर्ष स्वीडन, मगच डेट्रॉइट. ऑस्ट्रियाचा मार्को कास्पर २०२२मध्ये आठव्या क्रमांकावर आला, २०२३-२४चा अख्खा हंगाम दुय्यम संघात राहिला आणि पुढच्याच वर्षी वरच्या संघात १९ गोल करून मोकळा झाला.

गोलरक्षकांची तर गोष्टच निराळी. २०२१मध्ये डेट्रॉइटने वरचा क्रमांक देवघेवीत मिळवून पंधराव्या स्थानावर सेबॅस्टियन कोसाला घेतलं. स्वीडनचा येस्पर वॉलस्टेट तेव्हा शिल्लक होता, तो विसाव्या क्रमांकावर मिनेसोटाला गेला. त्या रात्रीपासून दोघांची तुलना सुरू झाली. कोसा आधी तिसऱ्या स्तरावरच्या टोलिडो संघात खेळला, मग ग्रँड रॅपिड्समध्ये; मुख्य लीगमधला पहिला सामना त्याला डिसेंबर २०२४मध्ये मिळाला. तीन वर्षं ‘चूक झाली’ म्हणणाऱ्यांकडे एवढ्या काळात पुरावा काहीच नव्हता.

तरीही ‘धीर धरा’ म्हणणाऱ्यांकडेही संशयाने पाहायला हवं, आणि त्यासाठीसुद्धा डेट्रॉइटच पुरेसं आहे. सलग २५ हंगाम प्लेऑफ गाठणारा हा संघ २०१७ ते २०२५ या नऊही वर्षी बाहेर राहिला. त्यातली सहा वर्षं आयझरमन यांची, ज्यांनी आधी टॅम्पा बे संघात असताना ५८व्या क्रमांकाचा निकिता कुचेरोव्ह आणि ७९व्याचा ब्रेडन पॉइंट मिळवून दिला होता. डेट्रॉइटच्या होतकरूंची वाखाणणी या काळात सतत होत राहिली आणि गुणतक्त्यात संघ मधल्या पायरीवर अडकून बसला. होतकरूंची यादी हा पराभवावरचा सोयीस्कर उतारा ठरतो: आज हरलो, पण तीन वर्षांनी बघा. तीन वर्षं सरतात, नवी यादी येते. झाडिनाच्या वाट्याला धीर आला नव्हता असंही नाही. त्याला पाच वर्षं मिळाली आणि संघाने त्याच्या बाजूला कोण उभं करायचं हे कधी नीट ठरवलं नाही.

म्हणून हिशेब मांडायचा तर अख्ख्या ड्राफ्टचा, आणि उशिरा मांडावा. २०१९मध्ये डेट्रॉइटने एकूण ११ मुलं घेतली. त्यातून झायडर आधी उभा राहिला. ६०व्या क्रमांकाचा अल्बर्ट योहानसन डेट्रॉइटच्या संघात आला तो थेट २०२४-२५च्या हंगामात, पाच वर्षांहून अधिक काळाने. १५९व्या क्रमांकाचा उंचापुरा एल्मर सोडरब्लोम वर-खाली करत राहिला. बाकीच्यांची नावं चाहत्यांनाही आठवणार नाहीत. सरासरीने पाहिलं तर हा चांगला ड्राफ्ट आहे, पण हे विधान २०१९च्या जूनमध्ये करणं कुणालाही शक्य नव्हतं.

२०२५मध्ये डेट्रॉइटने तेराव्या क्रमांकावर कार्टर बेअर हा आघाडीपटू घेतला. एव्हरेट संघाकडून ४० गोल केल्यानंतर त्याच्या घोट्यामागच्या स्नायुबंधाला इजा झाली आणि हंगाम अर्धवट सुटला. दुसऱ्या दिवशी त्यालाही श्रेणी देऊन झाली. क्रीडा संपादकांनी ती कापून ठेवावी आणि २०३०च्या जूनमध्ये त्याच पानावर, त्याच्या नव्या आकड्यांशेजारी छापावी; सोबत त्या पाच वर्षांत त्याला कुठे, किती आणि कुणाबरोबर खेळवलं, याचाही रकाना असावा.