गळतीचा उगम ठरवण्याची पद्धत हवी : सहकार आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
माननीय सहकार आयुक्त व निबंधक, सहकारी संस्था,
महाराष्ट्र राज्य, पुणे.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी गळतीचा खर्च वाटून दिला आहे : गच्चीतून, पावसाच्या पाण्यामुळे किंवा सामाईक नळांतून होणारी गळती संस्थेने दुरुस्त करावी आणि सदनिकेतील शौचालय, सिंक यांतून होणारी अंतर्गत गळती त्या सभासदाने. ही वाटणी न्याय्य आहे. मात्र ती ज्या तथ्यावर उभी आहे ते तथ्य, म्हणजे पाण्याचा उगम, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या पुराव्यावर ठरवायचे, याची कार्यपद्धती उपविधींत नाही. परिणामी छताला ओल दिसताच वरच्या सदनिकाधारकावर ठपका येतो, त्याच्या न्हाणीघराच्या फरशा उखडल्या जातात आणि पुढच्या पावसाळ्यात ओल पुन्हा उमटली की दोन्ही घरांचे बोलणे थांबते.

डाग दिसतो तिथेच उगम असतो असे नाही. अनेक इमारतींत न्हाणीघराचा स्लॅब आजूबाजूच्या स्लॅबपेक्षा खाली ओतलेला असतो. त्याला संक स्लॅब म्हणतात, आणि त्याच्या खोलगट भागात सांडपाण्याच्या नळ्या बसवून वर विटांच्या तुकड्यांचा भराव केलेला असतो. जलरोधक थराला बारीक भेग पडली की पाणी या भरावात साठते, उताराने सरकते आणि स्लॅबमध्ये गाडलेल्या विजेच्या नळ्यांतून वाट काढून कधी शेजारच्या खोलीतील पंख्याच्या हुकापाशी टपकते. दोष दूर झाल्यावरही हे साठलेले पाणी अनेक दिवस झिरपत राहते, त्यामुळे आज दुरुस्ती आणि उद्या निकाल अशी घाई फसवी ठरते.

उगम शोधण्याचा क्रम तरीही अवघड नाही. गच्चीवरच्या टाकीतून उतरणाऱ्या नळावरील झडप एक दिवस बंद ठेवून पाहावी. टपकणे स्पष्टपणे मंदावले तर संशय भरलेल्या नळावर जातो, कारण त्यात पाणी सतत दाबाखाली असते. केवळ वापरानंतर ओल वाढत असेल तर सांडपाण्याची नळी किंवा जलरोधक थर तपासावा : नहाणी ट्रॅप, म्हणजे न्हाणीघरातील पाणी वाहून नेणारी जाळीखालची कुंडी, बंद करून फरशीवर रंगीत पाणी चोवीस तास साठवावे आणि कमोडसाठी वेगळा रंग वापरावा. ओल पावसाबरोबरच वाढत असेल तर कोरड्या दिवसांत बाहेरच्या भिंतीवर खालून वर, टप्प्याटप्प्याने पाणी मारावे. वरून सुरुवात केल्यास ओघळणारे पाणी सगळ्याच भेगा भिजवते आणि नेमकी भेग हाती लागत नाही.

यंत्रांवरचा विश्वासही मर्यादेत असावा. औष्णिक कॅमेऱ्याला भिंतीतले पाणी दिसत नाही. बाष्पीभवनामुळे थंड झालेला पृष्ठभाग दिसतो. ओलावामापक विद्युतरोध मोजतो, त्यामुळे लोणा लागलेल्या, म्हणजे क्षार साचलेल्या, भिंतीवर तो खोटी ओल दाखवू शकतो. गळणाऱ्या नळाचा आवाज टिपणारे यंत्र दाबावर अवलंबून असते. टाकीच्या पाण्याचा दाब दर दहा मीटर उंचीमागे सुमारे एक बार इतकाच असल्याने सर्वांत वरच्या मजल्यावर तो आवाज फार क्षीण असतो.

म्हणून आयुक्तालयाने परिपत्रकाद्वारे असा तपासणीक्रम विहित करावा. प्रत्येक चाचणीची वेळ आणि निरीक्षण दोन्ही सदनिकाधारकांच्या व संस्थेच्या प्रतिनिधीच्या सह्यांनिशी नोंदवले जावे, आणि ही नोंद पूर्ण होईपर्यंत खर्चाची मागणी करू नये, तसेच डागावर रंगही चढवू नये. सळईपर्यंत पोहोचलेले पाणी मात्र वाट पाहत नाही : गंजलेले लोखंड फुगते आणि काँक्रीटचे आवरण फोडते. त्यामुळे छताचे पोपडे पडू लागलेल्या ठिकाणी संस्थेने संरचना अभियंत्याला तत्काळ बोलवावे आणि तो खर्च प्रथम स्वतः करून उगम ठरल्यावर वसूल करावा, अशी तरतूदही त्याच परिपत्रकात असावी.